दोनदा देशाबाहेर घातलेला ड्यूक आणि आमचा आप्पा

आमच्या जुन्नरच्या घरच्या ग्रुपवर परवा परत तेच सुरू झालं. कुणीतरी शिवनेरीवरच्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा फोटो टाकला, त्याखाली कुणीतरी 'आणि म्हणे युनेस्को' असं लिहिलं, आणि मग आमच्या आप्पाने (मामेभाऊ, वयाने मोठा, त्यामुळे प्रत्येक विषयातच मोठा) हातभर लांब पोस्ट टाकली की किल्ले पुरातत्त्व खात्याकडून काढून घ्या आणि राजघराण्यांच्या वंशजांकडे द्या, फ्रान्समध्ये बघा, शाँतीयीचा राजवाडा तिथल्या राजपुत्राने कसा जपला, तिकडचं सरकार राजघराण्यांचा मान ठेवतं म्हणून तिकडे इतिहास टिकतो. सोबत राजवाड्याचा फोटो. तो फोटो मीच काढलेला आणि मीच ग्रुपवर टाकलेला. मी लिहिलं, आप्पा, मान कसला, त्या राजपुत्राला दोनदा देशाबाहेर राहायला लावलं ह्यांनी. तर उत्तर आलं, "देश सोडून गेलेल्यांनी आम्हाला शिकवू नये. तू तिकडं चीज खा, इकडचं आम्ही बघतो." आणि त्यावर धडाधड अंगठे. एक अंगठा माझ्या सख्ख्या बहिणीचा.

ग्रुपवर मी गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितोय.

मी क्रेयला राहतो, शाँतीयीच्या पुढचं स्टेशन. रोज पॅरिसला जाता-येता शाँतीयी लागतं, गाडी वेळेवर असली आणि ग्रेव्ह (म्हणजे संप) नसला तर. तर ज्या माणसाचं नाव आप्पाला माहीतही नाही पण ज्याच्या जिवावर तो मला गप्प करतोय, तो म्हणजे आंरी द'ओर्लेआं, ओमालचा ड्यूक. जन्म 1822, पॅरिसच्या पाले-रॉयालमध्ये. बाप लुई-फिलिप, जो 1830 ते 1848 फ्रान्सचा राजा होता. हा धाकट्यांतला, म्हणजे गादी मिळण्यातला नाही. पण नशीब बघा, आठ वर्षांचा असताना काँदे घराण्याची (राजघराण्याचीच एक शाखा) सगळी इस्टेट ह्याच्या नावावर झाली, शाँतीयीसकट. काँदे घराण्यातला शेवटचा म्हातारा प्रिन्स ह्याचा नात्यातला आजोबा आणि गॉडफादर. त्याच्या एकुलत्या एक मुलाला नेपोलियनने 1804 मध्ये पकडून आणून गोळ्या घातल्या होत्या, त्यामुळे वारस कुणी उरला नव्हता. ऑगस्ट 1830 मध्ये हा म्हातारा सां-लच्या वाड्यात खिडकीच्या कडीला गळफास घेतलेल्या अवस्थेत सापडला. मृत्युपत्र करून घेण्यात त्याच्या इंग्रज प्रेयसीचा, सोफी डॉझचा, मोठा हात होता, तिलाही भरपूर मिळालं. चौकशी झाली, आत्महत्या म्हणून फाइल बंद, आणि लोक पुढे कित्येक वर्षं कुजबुजत राहिले. म्हणजे आप्पा ज्याला 'वंशपरंपरेने जपलेला वारसा' म्हणतो त्याची सुरुवात अशी. आपल्याकडे सातबाऱ्यावरून होतं त्यापेक्षा काही वेगळं नाही, फक्त आकडे मोठे.

शिपाई म्हणून माणूस खरा होता, हे मात्र कबूल करायला हवं. शाळा साधी, म्हणजे इतर पोरांबरोबर बाकावर बसून आंरी-कात्र कॉलेजात, आणि विशीच्या आत अल्जेरियाच्या लढाईवर. तिकडे फ्रेंचांविरुद्ध अमीर अब्द अल-कादिर लढत होता, आणि त्याची राजधानी फिरती होती, तंबूंचं अख्खं शहर, स्माला म्हणतात, हजारो माणसं, बायकामुलं, कारागीर, गुरं, खजिना, ग्रंथालयसुद्धा. 16 मे 1843 ला ताग्विनजवळ ओमाल पाचशे-सहाशे घोडेस्वार घेऊन अचानक त्याच्यावर येऊन धडकला. पायदळ मागे राहिलेलं, थांबून वाट बघावी असं बरोबरच्यांपैकी काहींचं मत, हा थांबला नाही. एकवीस वर्षांचा. अमीर स्वतः तिथे नव्हता, पण स्माला मोडली आणि हजारो कैदी हाती लागले. ओरास व्हेर्नेने ह्याचं चित्र काढलंय, व्हर्सायला आहे, 21 मीटरहून लांब, भिंत कमी पडावी असं. मी आईबाबांना घेऊन गेलो होतो तेव्हा आई त्याच्यापुढे उभी राहून म्हणाली, "ह्यात लढाई कुठंय, बायका नि शेरडं पळतायत नुसती." आईने इतिहास सातवीपर्यंतच शिकलाय, पण ती म्हणाली तेच खरं आहे. छापा आणि लढाई ह्यातला फरक जुन्नरच्या माणसाला सांगावा लागत नाही.

ह्या छाप्याची बक्षिसी म्हणून बढती, आणि 1847 मध्ये पंचविशीत अल्जेरियाचा गव्हर्नर जनरल. त्याच डिसेंबरात अब्द अल-कादिर शरण आला, एका अटीवर, की मला अलेक्झांड्रियाला किंवा अक्काला जाऊ द्या. जनरल लामोरिसियेरने शब्द दिला आणि ओमालने तो कायम केला. शब्द पाळला गेला नाही. दोन महिन्यांत पॅरिसमध्ये क्रांती झाली, राजा पळाला, नवीन सरकारने अमीराला तुलाँ, पो, आंब्वाज असं करत 1852 पर्यंत कैदेत ठेवलं. सोडला तो तेव्हा सत्तेवर आलेल्या लुई-नेपोलियनने, नेपोलियनच्या पुतण्याने, म्हणजे ओर्लेआं घराण्याच्या वैऱ्याने. ओमालचे भक्त ह्यावर म्हणतात की तो काय करणार, त्याची सत्ताच गेली होती. असेल. पण शब्द तर गेलाच ना.

आता खरा मुद्दा. फेब्रुवारी 1848 मध्ये बाप गादीवरून गेला तेव्हा ओमाल अल्जिअर्समध्ये होता आणि त्याच्या हाताखाली फ्रान्सची सगळ्यात कसलेली फौज होती. ती घेऊन तो समुद्र ओलांडून आला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. त्याने तसं केलं नाही. नव्या प्रजासत्ताकाला मुकाट्याने कारभार दिला आणि मार्चच्या सुरुवातीला भाऊ ज्वाँव्हिलबरोबर जहाजात बसून निघून गेला. नंतर संसदेने कायदाच केला की ह्या घराण्याला फ्रान्सची जमीन बंद. इंग्लंड. ट्विकनहॅमला थेम्सकाठी घर. 1852 मध्ये लुई-नेपोलियनने ओर्लेआंची मालमत्ता जप्त केली, आणि जी उरली ती विकून टाका म्हणून सांगितलं, तेव्हा शाँतीयी इंग्रज बँकवाल्यांच्या नावावर करून ठेवावं लागलं. आप्पा, वाचतोयस ना? सरकार मान ठेवतं म्हणे.

आणि त्या ट्विकनहॅममध्ये बसून ह्या माणसाने काय केलं तर फ्रान्स विकत घ्यायला सुरुवात केली. हस्तलिखितं, चित्रं, पुस्तकं, काँदे घराण्याचे कागद, लिलावात, दलालांकडून, जिथून मिळेल तिथून. 'त्रे रीश झर', बेरीच्या ड्यूकसाठी पंधराव्या शतकात रंगवलेलं प्रार्थनेचं पुस्तक, आज ज्याला लोक चित्रहस्तलिखितांतलं सगळ्यात श्रेष्ठ म्हणतात, ते त्याने जिनोव्हाजवळ एका मुलींच्या शाळेत ठेवलेलं बघितलं आणि 1856 च्या जानेवारीत 18,000 फ्रँकला घेतलं. म्हणजे फ्रान्सच्या चित्रकलेतली सगळ्यात मौल्यवान गोष्ट ज्याला फ्रान्समध्ये पाऊल टाकायची बंदी होती अशा माणसाने इटलीत विकत घेतली आणि इंग्लंडात सांभाळली. देशात बसलेल्यांपैकी कुणाला ती सुचली नाही. हे मी नुसतं सांगतोय, अर्थ ज्याचा त्याने काढावा.

2025 च्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी त्याची पानं सुटी केली होती तेव्हा ती शाँतीयीला लोकांना दाखवली, असं पुन्हा कधी होईल सांगता येत नाही. रांग प्रचंड, आमची पोरं कंटाळलेली. ऑक्टोबरच्या पानापुढे मी अडकलो. मागे लूव्रचा किल्ला, पुढे शेत, एक जण बी फेकतोय, पक्षी मागून ते टिपतायत, धनुष्य घेतलेलं बुजगावणं उभं केलंय, आणि एक जण घोड्यावर बसून दात्यांची चौकट ओढत नेतोय, त्या चौकटीवर वजनाला एक मोठा दगड. आमच्याकडे फळी मारताना वजनाला आम्हा पोरांना वर बसवायचे. नाकातोंडात माती जायची, पण खाली उतरायला कुणी तयार नसायचं. मी धाकट्याला हे सांगायला लागलो तर तो म्हणाला, "पापा, ऑं नू रगार्द," म्हणजे लोक बघतायत, हळू बोल. मराठी आहे म्हणून नाही, मी हातवारे करत होतो म्हणून, असं बायकोचं म्हणणं आहे.

ओमालने 1861 मध्ये इंग्लंडातून एक पत्र छापलं, नेपोलियन घराण्यातल्या एका प्रिन्सने सिनेटमध्ये ओर्लेआंवर तोंडसुख घेतलं होतं त्याला उत्तर म्हणून. पॅरिसमध्ये हातोहात खपलं, आणि मुद्रक-प्रकाशकावर खटला होऊन त्यांना शिक्षा झाली. काँदे घराण्याचा इतिहास लिहिला तर छापलेली पुस्तकं पोलिसांनी उचलली, बाहेर यायला 1869 उजाडलं. त्याला कुणी 'तू तिकडं चीज खा' असं म्हटल्याची नोंद नाही, पण इंग्लंडातलं चेडर खा असं कुणीतरी म्हटलंच असणार. बाहेर गेलेल्याने बोललं की आवडत नाही लोकांना, हे काही आप्पाने शोधून काढलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं तथ्यही आहे, कारण बाहेरच्या माणसाला परिणाम भोगावे लागत नाहीत, तुरुंगात प्रकाशक जातो. मी ग्रुपवर मत टाकून आरईआरमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, डुलक्या काढतो, आणि जुन्नरला पाणी दिवसाआड येतं ते बहीण भरते. तिचा अंगठा मी समजू शकतो. आप्पाचं नाही. आप्पा गेली कित्येक वर्षं पुण्यात बाणेरला राहतो, त्यानेही गाव सोडलंच आहे, फक्त पासपोर्टशिवाय. आणि पुढच्या उन्हाळ्यात युरोप बघायला येणार आहे तेव्हा त्याची आतेस्तासियाँ दाक्यी (पाहुणा माझ्या घरी उतरणार असा व्हिसासाठीचा दाखला) मेरीत, म्हणजे नगरपालिकेत, रांग लावून कोण काढणार, तर देश सोडून गेलेला.

असो. 1870 मध्ये प्रशियाशी युद्ध झालं तेव्हा ओमालने मला शिपाई म्हणून घ्या असा अर्ज केला, नाकारला. त्याआधी मोठा मुलगा विशीत ऑस्ट्रेलियात सिडनीला तापाने गेला, मग बायको गेली, आणि 1871 मध्ये परत येता आलं तर पुढच्याच वर्षी धाकटाही गेला, अठराव्या वर्षी. परत आलेल्या माणसाजवळ राजवाडा होता आणि तो कुणाला द्यायचा हे उरलं नव्हतं. तोवर वाड्याचा मोठा भागही 1789 च्या क्रांतीनंतर पाडलेला होता, तो त्याने 1875 पासून दहा वर्षं लावून वास्तुविशारद दोमेकडून नव्याने बांधून घेतला. आप्पाने टाकलेल्या फोटोत दिसतो तो बहुतेक सगळा हाच, शिवनेरीपेक्षा खूपच तरुण.

ह्याच काळात त्याने मार्शल बाझेनवरच्या कोर्ट मार्शलचं अध्यक्षपद केलं, 1873, व्हर्सायचं ग्राँ त्रियानों. बाझेनने मेस शहरात अख्खी फौज शत्रूच्या हवाली केली होती. बचावात तो म्हणाला की तेव्हा सरकारच उरलं नव्हतं, काहीच उरलं नव्हतं. त्यावर ओमालने सुनावलं की फ्रान्स तर होता. नेमक्या शब्दांच्या दोन-तीन आवृत्त्या आहेत पण अर्थ हाच. आणि हे म्हणणारा माणूस तेवीस वर्षं त्या फ्रान्सच्या बाहेर राहिलेला, हे मला फार आवडतं, उगाच नाही म्हणत.

मग 1886. ओर्लेआं घराण्यातल्या एका मुलीचं पोर्तुगालच्या युवराजाशी लग्न ठरलं, पॅरिसमध्ये जंगी स्वागतसमारंभ झाला, आणि प्रजासत्ताकवाल्यांना वाटलं हे परत राजे व्हायला बघतायत. जूनमध्ये कायदा, राजघराण्यांचे प्रमुख आणि थेट वारस देशाबाहेर, बाकीच्यांना लष्करात जागा नाही. ओमाल बाकीच्यांतला, म्हणजे देशात राहू शकत होता, फक्त त्याचं नाव सैन्याच्या यादीतून खोडलं. खोडणारा युद्धमंत्री जनरल बूलांजे, जो आधी ओमालच्याच हाताखाली होता आणि बढती मिळाल्यावर ज्याने ओमालला लोणी लावणारं पत्र लिहिलं होतं. संसदेत विचारलं तर आधी कानावर हात, मग पत्रच छापून आलं. हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं, रोज सकाळी मराठी बातम्या लावतो त्याची सवय. ओमालने राष्ट्राध्यक्ष ग्रेव्हीला कडक पत्र लिहिलं की माझा हुद्दा तुमच्या हातात नाही, मी जनरल आंरी द'ओर्लेआं, ओमालचा ड्यूकच राहणार. लगेच हद्दपारीचा हुकूम.

आणि ऑक्टोबरमध्ये, हाकलल्यावर तीन महिन्यांत, त्याने शाँतीयी, जंगल, घोड्यांचे तबेले, रेसकोर्स, सगळी चित्रं, सगळी पुस्तकं देऊन टाकली. पुतण्यांना नाही आणि सरकारलाही नाही. इन्स्तित्यु द फ्रान्सला, म्हणजे पंडितांच्या संस्थेला. अटींतल्या दोन मोठ्या, संग्रहातली वस्तू बाहेर उसनी द्यायची नाही आणि मांडणी बदलायची नाही. म्हणून आजही तिथे चित्रं एकाला एक खेटून, तीन-चार ओळींत, त्याने लावली तशीच. राफाएलचं चित्र बघायला मान वाकडी करावी लागते आणि शेजारी कुणीतरी फालतू सेनापती टांगलेला. आप्पा, वंशजांकडे द्या म्हणतोस, त्या वंशजाने स्वतः काय केलं ते बघ. ओर्लेआंचा आजचा वारसही शाँतीयीला गेला तर पाहुणा म्हणूनच. आणि पैसा कमी पडायला लागला तेव्हा 2005 मध्ये धावून आला तो आगाखान, ज्याच्या घराण्याचा पॅलेस पुण्यात नगर रोडला आहे आणि ज्याने तो 1969 मध्ये देशाला देऊन टाकला. तो राहायचा शाँतीयीच्या शेजारीच, गूव्ह्यूला. ना फ्रेंच राजघराण्यातला, ना मूळचा इथला.

एवढं सगळं मी ऑफिसात जेवताना माझ्या कलीगला सांगितलं. तो अल्जेरियाचा, बुइराकडचा. त्याने शांतपणे दही संपवलं आणि म्हणाला, त्याचं नाव आमच्या गावाला होतं. खरंच होतं. फ्रेंचांनी 1846 मध्ये तिथे ठाणं वसवलं आणि नाव ठेवलं ओमाल, 1962 ला स्वातंत्र्य मिळाल्यावर परत जुनं सूर अल-गोझलान. त्याची आजी, फ्रेंचांना शिव्या घालणारी, मरेपर्यंत बोलताना ओमालच म्हणायची. मी त्याला छत्रपती संभाजीनगरची गोष्ट सांगितली, ग्रुपवर त्यावरून काय रणं माजतात ती, की आमचे एक काका नव्या नावासाठी मोर्च्यात होते आणि एसटीच्या खिडकीवर तिकीट अजून औरंगाबादचंच मागतात. आम्ही खूप हसलो. मग मी म्हटलं चल एकदा शाँतीयीला, तर नाही म्हणाला. स्मालातून उचललेली हस्तलिखितं तिथल्या कपाटात आहेत, ती बघायला मी तिकीट काढू? संग्रहातलं बाहेर द्यायचं नाही ही अट मला इतकी वर्षं बाणेदार वाटत होती. त्याच्यापुढे मला त्या अटीचं कौतुक करता येईना.

मला जे बोचतं ते हे की ती अट मला एवढी आवडते का. मी जुन्नर असंच टांगून ठेवलंय. बहिणीने अंगणातली जांभूळ पाडून पार्किंग केलं तेव्हा मी फोनवर इतका ओरडलो की ती म्हणाली, ये आणि पाला झाड रोज. शिवनेरीवरच्या बाटल्यांचा मला राग येतो तो त्या माझ्या चित्रात बसत नाहीत म्हणूनही येतो. क्रेय स्टेशनच्या मागे जे काही पडलेलं असतं त्याचा फोटो मी ग्रुपवर कधी टाकलेला नाही आणि टाकणारही नाही. आणि ओमालशी स्वतःची बरोबरी करतो तीही सोयीची, त्याला देशाबाहेर घातला होता, मला कुणी घातलं नव्हतं, मी सीव्ही अपलोड केला होता. प्रिफेक्चरमध्ये (इथलं जिल्ह्याचं सरकारी कार्यालय) नॅच्युरलायझेशनची, म्हणजे फ्रेंच नागरिकत्वाची, फाइल टाकलीय. झालं तर भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा. ग्रुपवर सांगितलेलं नाही, कारण आप्पा काय लिहील ते मला पाठ आहे, आणि आईला सांगितलेलं नाही ते वेगळ्या कारणासाठी.

ओमालला 1889 मध्ये परत येऊ दिलं. आठ वर्षं शाँतीयीत राहिला, पाहुण्यांना चित्रं दाखवली. मे 1897 मध्ये पॅरिसला धर्मादाय बाजाराला आग लागून त्यात त्याची पुतसून गेली, ती बातमी कळली तेव्हा तो सिसिलीत झुक्कोला स्वतःच्या इस्टेटीवर होता, द्राक्षमळे होते त्याचे तिथे, आणि तिथेच गेला. एवढं करून मेला बाहेरच. आणून पुरला ड्रूला, घरच्यांत.

माझ्या कलीगने दरवर्षी हप्ता भरून तसा विमा काढलाय, मेल्यावर बॉडी बुइराला नेण्याचा, त्यांच्यात बहुतेक सगळे काढतात. तुमचं कसं असतं, त्याने विचारलं. म्हटलं आम्ही इथेच जाळू, राख हँड लगेजमधून जाते, फक्त त्यालाही एम्बसीचा कागद लागतो.